बारापर्यंतचं मौन

श्वेता मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा कल्पिताच्या बाजूला वळवला आणि पेनाचं टोक त्यावरच्या करड्या पट्ट्यावर ठेवलं. पट्टा चांगला लांब होता. त्याच्या कडेला बोटभर निळा होता, टोकाला त्याहून थोडा जास्त पिवळा. कल्पिताला आधी वाटलं, बिल आहे. मग वाटलं, लेकीच्या, जान्हवीच्या, डोक्यातल्या तारांचा फोटो असावा. मॅडम म्हणाल्या, हिच्या कानामागचं मशीन सगळं लिहून ठेवतं. दिवसातून किती तास ते कानावर होतं, त्यातला किती वेळ आजूबाजूला माणसं बोलत होती, किती वेळ नुसता गोंगाट होता आणि किती वेळ शांतता. गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढली होती. रोज अकरा तास मशीन कानावर. "अकरा तास म्हणजे फार छान. बाकीच्यांना मी ओरडते, पाचपाच तास काढून ठेवतात." मग पेन निळ्यावर गेलं. बोलणं, एक तास दहा मिनिटं. पेन करड्यावर परत आलं आणि तिथंच थांबलं. शांतता, आठ तास. "आई, मशीन उत्तम चाललंय. ऑपरेशन उत्तम झालंय. मग घरात इतकं शांत का असतं?"

आई म्हणजे कल्पिता. मॅडम दवाखान्यात येणाऱ्या सगळ्या बायकांना आईच म्हणतात, नाव कोण लक्षात ठेवणार. पण दर वेळी तो शब्द ऐकला की कल्पिताची नजर आधी जान्हवीकडं जायची, कारण जगात तिला तोंडानं आई म्हणणारी एकच व्यक्ती होती, आणि ती ही, अंधेरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसणारी, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. जिनं म्हणायला हवं होतं ती चार वर्षांची जान्हवी खाली सतरंजीवर बसून लाकडी मणी डब्यात टाकत होती. तिच्या उजव्या कानामागं मशीन आणि त्याच्या वर, केसांतून, लोहचुंबकानं चिकटलेली रुपयापेक्षा थोडी मोठी चकती. मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कल्पिताला ठाऊक होतं. ते जिभेवर आलं आणि दातांमागं उभं राहिलं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस कमी होते.

एरवी हे झालं नसतं. गेल्या सोळा महिन्यांत ती दर भेटीला दुपारी तीनची वेळ घ्यायची. या वेळी मात्र मेसेज आला की मॅडमना दुपारी बाहेर जायचंय, अकराला या, नाहीतर दीड महिन्यानंतरची तारीख. सौरभची, तिच्या नवऱ्याची, विमानतळावर कार्गोत पहाटेची पाळी, तो साडेपाचलाच घर सोडतो. मग तिनं सासऱ्यांना बरोबर घेतलं. धोंडूबाबा म्हणजे कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, तारुण्य घालवलेला माणूस, कान तिथंच ठेवून आलेला, त्यामुळं बोलणं नेहमी वरच्या पट्टीत. मॅडमनी काही विचारलं तर बाबा बोलतील, मी मान हलवीन, असा तिचा साधा हिशेब. बाबा बोललेही. दिवसभर हिच्याजवळ कोण असतं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा बाबांनी खोली दणाणून सोडली. "ही असते की. एक मिनिट सोडत नाही पोरीला. अशी आई शोधून मिळायची नाही." कल्पितानं मान खाली घातली. कौतुकाचं ते वाक्य तिला तेव्हाच टोचलं होतं. का, ते अजून कळलं नव्हतं.

मॅडमनी पडदा वळवायच्या आधी अर्धा तास जान्हवीला तपासलं होतं. कापड ताणून बसवलेलं एक गोल कडं त्या तोंडासमोर धरत, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि कापडामागून नुसते आवाज काढत. आ. ऊ. शू. स्स. आवाज आला की जान्हवी एक मणी डब्यात टाकायची. स्स तर इतका बारीक की धोंडूबाबा सुनेकडं बघून हातानंच विचारत होते, काही म्हणाली काय? आणि जान्हवीनं मणी टाकला होता. एकही चुकला नाही. कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं मनातल्या मनात गावच्या देवीला, पावणाईला, हात जोडले. त्याच वेळी पाण्याची बाटली लवंडली. जान्हवीनं आईकडं बघून ओठ मिटलेले ठेवत चढा सूर काढला. हं? कल्पितानं उतरता काढला. हूंऽ. जान्हवीनं बाटली उभी केली. मग मान तिरकी करून, अंहं, म्हणजे झाकण लागत नाही. कल्पितानं दोनदा टेबलावर बोट वाजवलं, म्हणजे आण इकडं. जान्हवीनं आणली. त्यांच्या घरात हे असंच चालायचं आणि फार सुरळीत चालायचं. मॅडम हातातलं ते कापडाचं कडं तसंच धरून दोघींकडं बघत राहिल्या होत्या. इतका वेळ की कल्पिताला आपल्या साडीला काही लागलंय की काय असं वाटलं.

आता त्या म्हणाल्या, "मला सारखं वाटायचं की ही पोर सगळं ऐकते आणि बोलत का नाही. आज कळलं. ती बोलते हो. तुमचंच बोलणं बोलते. तोंड मिटून."

कल्पितानं टेबलावरचं पॅड ओढलं आणि लिहिलं. अक्षर चांगलं आलं, याचं तिला नंतर नवल वाटत राहिलं. माझं मौन असतं. रोज बारापर्यंत. तिच्याचसाठी आहे. मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. रोज, असं त्यांनी विचारलं आणि कल्पितानं मान हलवली. कधीपासून, म्हटल्यावर तिनं दोन बोटं वर केली आणि तिसरं अर्धं मुडपलं. मॅडम रागावतील, असं तिला वाटलं होतं, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागाला मान खाली घालता येते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "रोज पाच तास ती कान देऊन बसली होती," त्या हळू म्हणाल्या. "ऐकण्यासारखं कुणी काही दिलंच नाही."

मग त्या पुढंही बोलल्या. मेंदू वाट बघतो पण कायम बघत बसत नाही, म्हणाल्या. कानाकडून शब्द आले नाहीत तर ती जागा डोळे घेऊन टाकतात आणि मग मशीन असून आवाज नुसता आवाज राहतो. चार पूर्ण झालीत हिला, पुढचे सहा-आठ महिने हातचे घालवू नका. सकाळची वेळ तर सोन्याची, मूल ताजंतवानं असतं. हे सगळं कल्पितानं ऐकलं, पण दुसऱ्या कुणाच्या घरात चाललेलं बोलणं भिंतीतून यावं तसं. तिचं लक्ष स्वतःच्या तोंडाकडं होतं. दोन ओठ एकमेकांवर टेकलेले, मध्ये थोडी ओल, मागं दात, दातांमागं जीभ, आणि जिभेच्या बुडाशी अडीच वर्षांच्या सकाळींचा गच्च भरलेला ढीग. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याची तिला धडकी भरली. घड्याळात बाराला आठ कमी होते. आठ मिनिटं थांबून मग बोलायचं, की आता? आणि आता बोलली तर मग अडीच वर्षं का नाही?

चाचणीचा तो दिवस ती कधीच विसरली नव्हती. दीड वर्षाची जान्हवी, झोपेचं औषध पाजून आडवी केलेली, कपाळावर आणि कानांमागं चिकटवलेल्या वायरी. कानात टिकटिक सोडत होते आणि कागदावर रेघ उमटत होती, सरळ. आवाज वाढवला तरी सरळ. त्या मुलानं, तपासणाऱ्यानं, शेवटी मशीन बंद केलं आणि म्हणाला की मोठ्या मॅडम बोलतील तुमच्याशी. म्हणजे त्याला बोलायचं नव्हतं. बाहेर बाकावर बसून तिनं पोरीचं चिकट कपाळ पदरानं पुसलं आणि तिथंच, सौरभ फॉर्म भरत असताना, गावच्या पावणाईला डोळ्यांपुढं आणून सांगितलं. माझी मुलगी मला आई म्हणेपर्यंत रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मी एक शब्द उच्चारणार नाही. माझे शब्द घे आणि तिला दे. उपास तिला जमत होतेच, सोमवार, चतुर्थी, एकादशी. ते पोटाचं झालं. हे जिभेचं मागितलं कारण पोरीला हवं होतं ते जिभेचंच. तिची आई गुरुवारी मौन पाळायची आणि म्हणायची, बोललं की पुण्य सांडतं, न बोललेलं साठतं. कल्पिताला ते लहानपणापासून खरं वाटत आलेलं होतं. दूध न पिता ठेवलं तर दुसऱ्याला मिळतं, तसे शब्द. इथून उचलायचे, तिथं ठेवायचे.

आणि देवीनं घेतलं होतं की. चौदा महिन्यांत पैशांची सोय लागली, एका संस्थेनं निम्मा भार उचलला, ऑपरेशनची तारीख मिळाली. कानामागचे केस काढलेली जान्हवी केवढीशी दिसत होती. गोगलगाईच्या शंखाएवढा आतला कान, त्यात केसासारखी तार, तारेवर बावीस ठिपके, एकेक ठिपका एकेका सुराला शिवणार, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं आणि तो कागद अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. तीन आठवड्यांनी याच खोलीत मशीन पहिल्यांदा चालू केलं. मॅडमनी टाळी वाजवली, जान्हवी दचकली आणि फुटून रडली, आईच्या छातीत शिरली. रडली म्हणजे पोचलं, मॅडम म्हणाल्या, पेढे वाटा. घरच्यांनी दिंडोशीच्या आपल्या बिल्डिंगमध्ये मजल्यावरच्या आठही घरांत पेढे दिले. सगळ्यांनी पोरीच्या कानाशी तोंड नेऊन जान्हवी, जान्हवी केलं. त्या दिवशी कल्पिताला वाटलं, निम्मं झालं. आता एक शब्द. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं तोंड मिटून घेतलं, अधिक निष्ठेनं. फळ दिसू लागल्यावर व्रत सैल सोडतात त्या बायका कपाळकरंट्या, हे तिनं कितीदा ऐकलं होतं.

तोंड न उघडताच ती मॅडमकडून निघाली; घरी जाताना त्यांनी गुंदवलीहून मेट्रो धरली. स्टेशनाच्या जिन्यावर पोचेपर्यंत बारा वाजून गेले असावेत. रोज बारा वाजले की ती देव्हाऱ्यापुढं उभी राहून आधी पावणाईचं नाव घ्यायची, मग जान्हवीला जवळ घेऊन तिचं. आज तिनं घेतलं नाही. फलाटावर भोंगा वाजला, जान्हवीनं मान वळवली. दार सरकताना फुस्स झालं, जान्हवीनं वर पाहिलं. शेजारच्या बाईच्या पिशवीत फोन वाजला, जान्हवी पिशवीकडं बघू लागली, आणि मग आईकडं. हं? हे कल्पिता रोज बघत होती. सकाळी कुकरची शिट्टी झाली की पोर ओट्याकडं मान वळवायची, वरच्या मजल्यावर मिक्सर लागला की छताकडं, गजावर कावळा आला की खिडकीकडं, आणि प्रत्येक वेळी शेवटी आईच्या तोंडाकडं. आणि आई काय करायची? हसायची. पोरीला ऐकू येतंय या आनंदानं तिचं ऊर भरून यायचं, ती डोळे मिटून देवीचे आभार मानायची आणि गालावरून हात फिरवायची. कुकर म्हणायची नाही. कावळा म्हणायची नाही. चारशे, साडेचारशे सकाळी पोरीनं दारात येऊन विचारलं, हे काय वाजलं? आणि दार उघडून आत घ्यायचं सोडून तिनं तिला दारातच ओवाळलं.

दुपारची गोष्ट तरी वेगळी होती का? पोळी लाटताना पोळीबद्दल बोला, केस विंचरताना केसांबद्दल बोला, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवा, असं मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, आणि ते तिनं मनापासून ऐकलं होतं. बारानंतर करायचीही. पण स्वभावानंच ती हळू बोलणारी, चारचौघांत कुणी विचारलं तर एका शब्दात सांगून मोकळी होणारी. त्यात पाच-सहा तास बंद राहिलेलं तोंड बारा वाजले म्हणून लगेच उघडत नसे. मौन सुटायचं, बोलणं सुरू व्हायचं नाही. मग जेवण, मग जान्हवीची झोप, तेव्हा मशीन काढून डबीत. मॅडमना व्रताचं तिनं कधी सांगितलं नाही. व्रत सांगू नये, त्याचा जोर जातो. दुसरी कसलीच लबाडी तिनं केली नव्हती. डबीतली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी वेळेवर बदलली, बॅटऱ्या चार्ज केल्या, चकतीखालची कातडी लाल होते का रोज पाहिली. सगळं नीट केलं. हे आठवताना तिनं मेट्रोच्या थंडगार काचेला कपाळ टेकवलं आणि धोंडूबाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून गिरणीतल्या सवयीनं नुसत्या बोटांनी विचारलं, काय होतंय? साच्यांच्या धडधडाटात शेजारच्याला हाक ऐकू जायची नाही, तिथं सगळे असेच हातांनी बोलत. त्या घरात सकाळी बाबा तिच्या मौनामुळं हातांनीच बोलायचे, ती तोंड मिटून. आणि मध्ये ती पोर, बावीस ठिपके कानात घेऊन.

साडेचारला सौरभ आला. चहा झाला, आणि कल्पितानं त्याला सांगितलं. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच इतकं बोलत होती आणि तिचा आवाज तिला खरवडल्यासारखा लागत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कप बशीत फिरवत राहिला. मग सोड की, म्हणाला, त्यात काय एवढं. तिनं विचारलं, तुला कधी वाटलं नाही का रे, की हे चुकतंय? त्यानं कप खाली ठेवला. "वाटलं होतं एकदा. पण तुझं देवाचं होतं. मी मध्ये बोललो असतो आणि पोरीचं काही वाईट झालं असतं, तर तू मला सोडलं असतंस का?" हे त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं की तिला भांडताही येईना. म्हणजे तिच्या मौनाभोवती त्याचंही एक मौन होतं.

सोडायचं म्हणजे काय सोडायचं, हे त्याला समजावून सांगणं तिला जमलं नाही. नवस फेडतात, उद्यापन करतात. शब्द दिला तो पुरा होण्याआधी मोडला तर काय होतं, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. तिच्या माहेरच्या आळीतल्या सुगंधाकाकूंनी बोललेली ओटी भरली नाही आणि त्यांच्या रतनचा हात त्याच वर्षी झाडावरून पडून वाकडा झाला. देवीनं दिलेलं ती परत घेते. उद्या सकाळी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्या केसाएवढ्या तारेतला एकेक ठिपका विझत गेला तर? कागदावर पुन्हा ती सरळ रेघ? आणि नाही उघडलं तर? मॅडमचा करडा पट्टा, सहा महिने, आठ महिने, आणि मग आवाज नुसता आवाज. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ते तिला आजवर बोलण्यातलं वाटत होतं. आज ती दोन्ही तिच्या घरात होती, आणि त्यांच्या मधल्या फरशीवर जान्हवी बसून चमच्यांचं कुटुंब मांडत होती. मोठा चमचा, मधला, धाकटा. मोठ्या चमच्याचं तोंड तिनं बोटानं झाकलं होतं.

ते कल्पितानं पाहिलं आणि तिच्या तोंडून निघालं, "बाबा, मी माझे शब्द दिले होते हिला. हिला मिळालेच नाहीत. मग गेले कुठं?"

धोंडूबाबा पाटावर बसून शेंगा सोलत होते. काय म्हणाली, त्यांनी सौरभला विचारलं. नेहमीप्रमाणं सौरभनं सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला. तिलाच सांगू दे, मोठ्यानं. कल्पितानं पुन्हा म्हटलं. त्यांनी कानामागं हात धरला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिचा आवाज फाटला आणि जान्हवीनं चमचे सोडून वर पाहिलं. आता बाबांना पोचलं. ते थोडा वेळ टरफलं गोळा करत राहिले. मग मालवणीत आले, जे ते फक्त देवाच्या आणि मेलेल्या माणसांच्या गोष्टींसाठी ठेवत. "पावणाईक सांगितलस ता कसा सांगितलस? मोठ्यान?" मनात, ती म्हणाली. "मनात? आमच्याकडे मनातल्या मनात कोण गाराणा घालता गो? गावकार देवळात उभो रवान बोंबलता, सगळो गाव व्हय म्हाराजा म्हणता, तेव्हा खय देवीक पोचता. पावणाईन काय तुझ्या चेडवासारखी मशीन बसवन घेतल्यान?" देवीनं नातीसारखं मशीन बसवलंय, या कल्पनेनं सौरभला हसू आलं. कल्पितालाही आलं, पण ते अर्ध्यावर रडण्यात गेलं. बाबांनी सोललेल्या शेंगांची वाटी तिच्याकडं सरकवली. तोंड उघडून सांगितलं नाही त्याचं ऐकणाऱ्यानं काय करायचं, असं ते पुन्हा साध्या मराठीत पुटपुटले, आणि ते देवीबद्दल होतं की नातीबद्दल की स्वतःबद्दल, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं म्हणणं सोयीचं होतं. म्हणूनच तिचा त्यावर विश्वास बसला नाही. तिला माहीत होतं की पोचलं होतं. त्या बाकावर, पोरीचं चिकट कपाळ पुसताना, कुणीतरी ऐकत होतं, हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काहीच नव्हतं. दिवेलागणीला तिनं समई लावली आणि देवीच्या टाकापुढं बसली. माफी मागायची की नवस बदलून मागायचा की नुसतं सांगायचं, हे ठरेना. शेवटी तिनं एवढंच सांगितलं, आणि या वेळी आवाज काढून, जान्हवी शेजारी बसलेली असताना. काय घ्यायचं ते माझं घे. माझा कान घे. तिचं ठेव. आणि हे म्हणताना ती पुन्हा तोच सौदा करतेय, इथून उचलून तिथं ठेवायचा, हे तिच्या लक्षात आलं आणि पुढचं मागणं सोडून तिनं समईची वात सारली.

सकाळ उजाडली तेव्हा सौरभ केव्हाच गेला होता. बाबा बागेत. पेपरवाला दारात पेपर टाकून गेला, थप्प. कल्पिता आंघोळ, पूजा आटोपून पोळ्यांची कणीक घेऊन बसली, तोंड मिटून. ते ठरवून मिटलेलं नव्हतं, नुसतं अडीच वर्षांच्या वळणानं मिटलेलं होतं. सातला जान्हवी उठली, डोळे चोळत आली आणि रोजच्यासारखी डबी पुढं करून आईच्या मांडीत पाठ करून बसली. कल्पितानं हात पुसले. मशीन कानामागं अडकवलं, चकती केसांत नेली. ती आपली आपण सरकून टिच् करून बसली. हिरवा दिवा लुकलुकला. आता त्या लहानशा डोक्यात दार उघडलं होतं आणि पोर दारात उभी होती. कल्पिताचं काळीज इतकं जोरात उडत होतं की जान्हवीला पाठीतून लागत असावं. तिनं पोरीला आपल्याकडं वळवलं. कणकेचा गोळा हातात घेतला. गजावर कावळा ओरडला. जान्हवीनं खिडकीकडं पाहिलं आणि मग आईच्या तोंडाकडं. हं?

कल्पितानं तोंड उघडलं. ओठ सुटताना बारीक आवाज झाला, तो सुद्धा तिला ऐकू आला. "कावळा," ती म्हणाली.

काहीच विझलं नाही. हिरवा दिवा लुकलुकत राहिला. पण जान्हवी दचकली. टाळीच्या त्या दिवशी दचकली होती तशी सबंध अंगानं. डोळे एवढाले झाले, आधी आईच्या ओठांकडं गेले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, जिथं दोन्ही काटे वर एकत्र आले की आई बोलते हे तिनं कधीतरी आपलं आपण टिपून ठेवलं होतं. काटे एकत्र नव्हते. तिनं घाईघाईनं आपला तळवा आईच्या तोंडावर दाबला, दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या मिटल्या ओठांवर ठेवलं, आणि देव्हाऱ्याकडं चोरून बघत, आईला काहीतरी फार मोठ्या संकटातून वाचवत असल्यासारखी मान हलवू लागली. अंहं. अंहं.

त्या तळव्याला झोपेचा वास होता. कल्पितानं तो काढला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याच बोटांवरून खाली येत होतं, आणि त्या चिमुकल्या हाताच्या आत तिचे ओठ पुन्हा हलले. ती कावळा म्हणाली. मग कणीक म्हणाली. मग पोळी, तवा, खिडकी, पेपर, बाबा. हातामुळं शब्द दबके येत होते, पण येत होते. जान्हवी मान हलवायची थांबली. आपल्या तळव्याखाली हे काय वळवळतंय ते ती बघू लागली. हात तिनं दाबूनच धरला होता, आणि दुसरा, स्वतःच्या ओठांवरचा, हळूहळू खाली आला, आईच्या गळ्यावर टेकला, आणि आवाज जिथून निघत होता तिथं थांबला. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाराला अजून फार वेळ होता. कल्पिता बोलत राहिली.